म्हशीचा केसपेपर

सकाळी साडेसातला गुरांचे डॉक्टर अंगणात आपल्या गाडीचं बॉनेट उघडून, कानांत स्टेथोस्कोप घालून, इंजिनावर त्याची चकती टेकवून डोळे मिटून उभे होते. गाडी नुकतीच एका गोठ्यावरून कशीबशी परतली होती आणि जागेवरच थडथड उडत होती. स्वयंपाकघराच्या खिडकीतून सासूबाई पाहत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर जे काही होतं, त्याला कौतुक म्हणणं अवघड होतं.

"काय म्हणतेय, जावईबापू?"

"छाती साफ आहे, आई."

"मग दुखतंय कुठं?"

"तेच ऐकतोय."

"ऐका, ऐका. माझी गुडघेदुखी कधी एवढी ऐकली नाहीत ती."

चारही चाकांनी ओढणारी, डिझेलवर चालणारी ही गाडी सव्वीस वर्षांची होती. रंगानं काळी, अंगानं आडवी, चढ लागला की मान खाली घालून निघणारी. म्हणून घरात तिला म्हैस म्हणत. डोंगरावरच्या गोठ्यांपर्यंत दुसरी कुठलीच गाडी पोचत नसे. ती बसली म्हणजे डॉक्टरांची अर्धी प्रॅक्टिस बसली.

गेले दहा दिवस म्हैस आजारी होती. घरातून निघताना ठणठणीत. वीसेक मिनिटं झाली की एखादा ठोका चुकल्यासारखी धडधडायची, ॲक्सिलरेटर दाबला तरी ताकद यायची नाही, आणि चढावर तर सरळ जीव सोडायची. थोडा वेळ उभी केली की पुन्हा सुरू. जणू झालंच नाही काही.

पेशंट बोलत नाही, याचं डॉक्टरांना काहीच वाटत नसे. न बोलणाऱ्याचं दुखणं ओळखायचं, हा त्यांचा तीस वर्षांचा धंदा. त्यांनी दवाखान्यातला छापील केसपेपर घेतला आणि म्हशीच्या नावानं रीतसर भरला. वय : सव्वीस. रंग : काळा. श्वास : चढावर धाप. विश्रांतीनंतर : सुधारणा. आणि शेवटी, स्वतःच्या निरीक्षणशक्तीवर खूश होऊन : खुराक मिळताच लगेच तरतरी.

हे मात्र खरं होतं. पंपावर डिझेल घातलं की म्हैस पुढची वीस मिनिटं वासरासारखी पळायची. यावरून डॉक्टरांनी अशक्तपणाचं निदान केलं आणि अशक्त जनावराला देतात तसा, थोडा थोडा पण वेळच्या वेळी, खुराक सुरू केला. दिवसातून तीनदा दोन-दोन लिटर. तिसऱ्या दिवशी पंपावरच्या माणसानं विचारलं, "डॉक्टर, एकदाच भरून का टाकत नाही?"

"पचायला हवं," डॉक्टर म्हणाले. त्या माणसानं मोजून दोन लिटर घातलं.

"अहो, फिटरला दाखवा की," डॉक्टरीणबाई रोज म्हणत.

"अगं, त्यानंच तर हात लावलाय तिला. ऑपरेशननंतर जनावर बिघडलं तर संशय कुणावर घ्यायचा?"

संशयाला जागा होती. अकरा दिवसांपूर्वीच फिटरनं म्हशीची चारही नोझल, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या तोट्या, काढून साफ केल्या होत्या आणि वर टाकी गळ्यापर्यंत भरून दिली होती. दुसऱ्या दिवसापासून म्हैस ठोके चुकवू लागली. हा फिटर अठरा वर्षं म्हशीचं सगळं बघत आला होता. बोलायला कमी, पण कान असा, की गाडी वळणावर असतानाच तिचं काय बिनसलंय ते सांगेल. पण एकदा संशय आला, की अठरा वर्षं आठवत नाहीत.

स्टेथोस्कोप लावला त्याच दिवशी दुपारी डोंगरावरून फोन आला. गाय अडली होती. म्हैस निघाली, अर्धा डोंगर चढली आणि नेमक्या खड्या चढावर बंद पडली. डॉक्टरांनी बॅग आणि दोर उचलला आणि तीन किलोमीटर चालत गेले. पोचले तेव्हा वासरू आपलं आपण जन्माला येऊन उभं राहायचा प्रयत्न करत होतं. डॉक्टरांनाच उभं राहवत नव्हतं.

"बसा डॉक्टर, पाणी घ्या," मालकीण म्हणाली. "तुमची वाट बघून बघून तिनं आपलं आपणच उरकलं."

मालकीण चांगल्या मनानं बोलली, पण डॉक्टरांना ते फार लागलं. गाईचं काही बरंवाईट झालं असतं तर? परतताना ते संतापानं लाल झाले होते. म्हैस आता विश्रांती घेऊन गुणी मुलीसारखी चालली, आणि त्यांनी ती थेट गॅरेजसमोर उभी केली.

गॅरेजमध्ये चार माणसं होती. दूधगाडीवाला आपल्या गाडीच्या ब्रेकसाठी थांबला होता. बाकीचे आपापल्या कामाला. डॉक्टर उतरले ते आवाज चढवूनच.

"माझी नोझल कुठं आहेत?"

फिटर दूधगाडीखालून बाहेर आला. "गाडीतच आहेत की."

"माझी चांगली काढलीस आणि कुणाची तरी झिजलेली बसवलीस! अठरा वर्षं विश्वास टाकला तुझ्यावर. आज माझ्या हातून एक गाय गेली असती!"

फिटरनं हातातलं फडकं घेऊन एकेक बोट पुसलं. सगळी दहा बोटं पुसून झाल्यावर फडकं खांद्यावर टाकलं.

"गाडी ठेवून जा, डॉक्टर," तो म्हणाला. "सापडेपर्यंत दुसरं काम घेत नाही."

दूधगाडीवाल्यानं ते ऐकलं, आपल्या चारही चाकांकडे जरा निरखून पाहिलं आणि म्हणाला, "मग माझे ब्रेक मी दुसरीकडंच बघतो." तो गेला. त्याच्या मागून आणखी दोघं गेले. अशा गोष्टीला पाय फुटायला वेळ लागत नाही. संध्याकाळपर्यंत फिटर गाड्यांतले भाग बदलतो हे सगळीकडे झालं होतं, आणि ते डॉक्टरांसारख्या माणसानं सांगितलेलं असल्यामुळे कुणी पडताळूनही पाहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी फिटरचा निरोप आला : या, आणि केसपेपर घेऊन या. डॉक्टर असा कागद करतात हे त्याला ठाऊक होतं. गंमत बघायला म्हणून दोन दिवस न फिरकलेली गिऱ्हाईकंही आली होती. दूधगाडीवाला सगळ्यांत पुढं. फिटरनं चारही नोझल स्वच्छ कापडावर ओळीनं मांडली होती. प्रत्येकावर नंबर होता, आणि शेजारी अठरा वर्षांपूर्वीचं बिल होतं, तेच चार नंबर लिहिलेलं.

डॉक्टरांनी नंबर पाहिले. पुन्हा पाहिले. "मग... मग रोग कशात आहे?" ते खालच्या आवाजात म्हणाले.

"फिल्टर बघितला, पाइप बघितले, पंप बघितला. इथं उभी असली की चांगली चालते," फिटर म्हणाला आणि त्यानं नोझल परत बसवली. "चला, एक चक्कर मारू. तोवर तुमचा कागद वाचतो."

वीस मिनिटांनी दोघे परतले तेव्हा म्हैस धापा टाकत होती. फिटरचं बोट कागदाच्या शेवटच्या ओळीवर होतं. खुराक मिळताच लगेच तरतरी. तो उतरला, मागं गेला आणि टाकीचं झाकण फिरवलं.

सूऽऽऽ!

टाकीनं एवढा लांब श्वास आत ओढला, की दूधगाडीवाला मागं सरकला. आणि धडधडणारी म्हैस, कुणी पाठीवर हात फिरवावा तशी, एका क्षणात शांत चालू लागली.

फिटरनं झाकण उलटं केलं. डॉक्टरांनी त्याच्या खांद्यावरून पाहिलं. झाकणाच्या मधोमध एक बारीक भोक असतं. टाकीतलं डिझेल संपत जातं तशी तिथून हवा आत जाते. त्या भोकावर बँडेजची चिकटपट्टी होती. दोन तुकडे, एकावर एक आडवे, चारही कोपरे कातरून गोल केलेले. पंचक्रोशीतल्या प्रत्येक गाईम्हशीच्या अंगावर असलं ड्रेसिंग कधी ना कधी लागलेलं होतं. असे कोपरे गोल करणारा डॉक्टर एकच होता.

सगळं आठवलं. नोझलच्या कामानंतर गळ्यापर्यंत भरलेली टाकी. उतारावर सांडलेलं डिझेल. मागच्या सीटवर पदर नाकाला लावून बसलेल्या सासूबाई. "जावईबापू, या वासानं मी वरती पोचेन." घरी आल्यावर त्यांनी झाकणाला भोक पाहिलं, आणि तीस वर्षांच्या सवयीनं, भोक दिसलं म्हणून, स्वच्छ पुसून ड्रेसिंग केलं. फुगलेल्या गाईंच्या पोटातली हवा मोकळी करून ज्यानं नाव कमावलं, त्यानं आपल्या म्हशीचं नाक बुजवलं होतं.

फिटरनं एकदा डॉक्टरांकडे पाहिलं. मग अंगठ्यानं पट्टी खरवडली, मुठीत चुरगाळली आणि खिशात टाकली.

"टाकीत हवा जात नव्हती," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "झाकणाचं भोक बुजलं होतं. मी बघायला हवं होतं. माझ्याकडून राहिलं."

"म्हणजे चूक तुझीच!" दूधगाडीवाला म्हणाला. "डॉक्टर उगाच नाही बोलणार."

इथं बोलायचं होतं. डॉक्टरांनी तोंड उघडलंही. पण समोर चार माणसं होती, आणि त्यांतल्या तिघांची जनावरं त्यांच्याकडे यायची. तोंड मिटलं. गाडीत बसले आणि घरी आले. म्हैस झकास चालली, हे त्यांना सगळ्यांत जास्त टोचलं.

घरी त्यांनी ताट बाजूला सारलं आणि सगळं सांगून टाकलं. डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतलं. "मग तिथं सांगितलंत?"

"नाही."

"म्हणजे त्यानं पांघरूण घातलं, आणि तुम्ही ते ओढून घेतलंत."

सासूबाईंनी बाजूला सारलेलं ताट पुन्हा जावयापुढं केलं आणि त्या म्हणाल्या, "डिझेलचा वास बरा होता हो."

डॉक्टरांना रात्रभर आपलीच लाज वाटत राहिली. दुसऱ्या दिवशी गॅरेज उघडताच ते तिथं हजर झाले. मधोमध उभे राहून म्हणाले, "ऐका. फिटरची काही चूक नाही. ते भोक मी बुजवलं होतं. पट्टी लावून. माझ्या हातानं. आणि चोर यांना म्हणालो."

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. दूधगाडीवाल्यानं डॉक्टरांना हात जोडले.

"याला म्हणतात मोठं मन," तो म्हणाला. "गरिबाचं नाव वाचवायला स्वतःवर घेतायत!"

"अरे, घेत नाहीये! माझंच आहे!"

"बघा, बघा. अजूनही!"

डॉक्टर जितकं ओरडले तितके ते थोर ठरत गेले. शेवटी फिटरकडे वळले. "ती पट्टी दे. दाखवतो यांना."

"फेकली," फिटर म्हणाला. त्याला मनापासून वाईट वाटलेलं दिसत होतं. "तुमच्यासाठीच फेकली."

डॉक्टर घरी गेले. दवाखान्यातला दाखल्याचा छापील कागद काढला, ज्यावर सही आणि शिक्का असल्याशिवाय कुणाचं जनावर बाजारात उभं राहत नाही. तो त्यांनी भरला. प्राणी : म्हैस (चारचाकी). वय : सव्वीस. लक्षणे : धाप, ठोके चुकणे. उपचार करणारा : फिटर. उपचार योग्य होते काय : होय, पहिल्यापासून. आणि खाली, जिथं मोठ्या अक्षरांत 'रोगाचे कारण' छापलेलं असतं, तिथं लिहिलं : मालक. सही केली. शिक्का मारला. गॅरेजच्या भिंतीवर खिळा ठोकून तो स्वतःच टांगला.

तोंडी बोलण्यावर विश्वास न ठेवणाऱ्या लोकांनी शिक्का पाहिला आणि त्यांना पटलं. दूधगाडीवाल्यानं तो दोनदा वाचला, आणि आपली गाडी आत घेतली.

तो दाखला अजून तिथंच आहे. फक्त एक गोष्ट आहे. म्हैस वळणावर आली की फिटरला तिचा आवाज बरोबर ओळखू येतो, आणि तो उठून दाखल्याचं तोंड भिंतीकडे करतो. डॉक्टर आत येतात. खाली मान घालून आधी भिंतीपाशी जातात, दाखला सुलटा करतात, आणि मग विचारतात, "काय फिटरसाहेब, बरे आहात ना?"