पट्टीवरच्या दोन रेघा

पट्टीवर दोन रेघा उमटल्या आणि ट्रक ड्रायव्हर बिरुदेव खुर्चीवरून उठलाच. गुप्तांगाच्या हर्पिसची नवी झटपट चाचणी कितपत खरी ठरते, हे पाहायला सोलापूरच्या एका दवाखान्यात ट्रक ड्रायव्हरांचं आणि त्यांच्या बायकांचं रक्त घेत होते. पट्टीचा निकाल कुणाला सांगायचाच नव्हता. पण बायकोच्या दोन्ही खेपांना दिवस गेल्याच्या दोन रेघा पाहिलेल्या माणसाला वेगळं काय सांगायचं?

"दादा, पट्टीवर जाऊ नका," रक्त तपासणारी अंकिता म्हणाली. "आठ दिवसांनी मशीनचा रिपोर्ट येईल, तोच खरा."

"मग ही पट्टी काय गंमत म्हनून ठिवलीया?"

आता आठ दिवस गप्प बसायला काय झालं होतं? पण बिरुदेव पडला मेंढरांच्या घरातला. एका मेंढराला रोग दिसला की ते लगेच कळपातून बाजूला, हे बापानं अंगात मुरवलेलं. घरी येताच गड्यानं आपलं ताट, तांब्या, घोंगडं उचललं आणि मेंढरांच्या कुंपणाशेजारी मुक्काम टाकला.

"काय झालंय?" बायकोनं, महानंदानं विचारलं.

त्यानं रेघा सांगितल्या, आणि तीन वर्षांपूर्वीची बार्शीची बाईही सांगून टाकली. "एकदाच गं."

महानंदा रडली नाही. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात रक्त देऊन आली. तिच्या पट्टीवर एकच रेघ. मग काय विचारता! "माझी सून निर्मळ हाय," सासू केराबाई येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवू लागली. बिरुदेवाची भाकरी लांबून सरकवली जाऊ लागली. त्याचं त्याला काही नव्हतं. पण महानंदानं पेटी भरली होती. मशीनचा कागद आला की पोरांना घेऊन ती दुधनीला माहेरी जाणार होती, कायमची.

नवव्या दिवशी दोघं अंकितापुढं बसली.

"एकेकाला सांगते," अंकिता म्हणाली.

"मला काय झाकायचंय?" महानंदा म्हणाली. "यांच्या म्होरंच सांगा."

"नक्की?"

"व्हय."

"दादा, तुम्हाला काही नाही. पट्टी चुकली." अंकितानं दुसरा कागद उचलला. "ताई, तुमचीही पट्टी चुकली. उलट बाजूनं. तुम्हाला हर्पिस आहे. जुना असू शकतो, औषध आहे."

"मशीन चुकत न्हाय व्हय?" महानंदानं विचारलं.

"फार क्वचित."

बाहेरच्या पायरीवर महानंदा बसली. ती पदराचं टोक चोळू लागली.

"इचारा की," ती म्हणाली.

प्रश्न बिरुदेवाच्या ओठांवर आला होता. पण आठ दिवसांपूर्वी तिनं विचारलं आणि त्यानं खरं सांगितलं, त्याचं पुढं काय झालं ते त्यानं भोगलं होतं.

"भूक लागली का?" त्यानं विचारलं.