अर्ध्या उजेडाचा तह

पोपट लूमच्या कारखान्यातली रात्रपाळी करून सकाळी घरी आला आणि त्याने डिमरचं बटन फिरवलं. बटन गरगर फिरलं, पण शंभरचा दिवा काही मंद होईना. सुरतजवळच्या उधन्यातल्या त्या बिनखिडकीच्या खोलीत, सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात, नवरा-बायकोचा संसार या बटनावरच चालला होता. पोपट दिवसा झोपायचा आणि त्याच वेळी चंद्रभागा राकेशभाई शेठच्या साड्यांना टिकल्या चिकटवायची. दिवा पूर्ण लावला की याची झोप जाई, विझवला की तिचं काम अडे. शेवटी अर्ध्या उजेडावर दोघांचा तह झाला होता.

"मी काम लई शेजारनी मालतीबाईकडे जाई बसस," चंद्रभागा म्हणाली. "पाच वाजता राकेशभाई साड्या लेवाले येई. दोन बाकी शेत. तुम्ही दिवा बंद करा नि झोपा."

"कोठे जावानं नही! रातभर लूम सुधारस मी. हाई बटन काय चीज शे!"

पोपट हट्टाला पेटला. नवा डिमर आणून त्याने बोळातल्या मीटरच्या फळीवरचा फ्यूज काढला. घरातला दिवा तसाच जळत राहिला. शेजारचा बन्सीलाल मात्र अर्धी इस्त्री झालेला शर्ट घालून धावत आला.

"माझा फ्यूज कोनी काढला? सचिन गावाला मुलगी बघायला चाललोय मी!"

"शर्ट मांगून चुरगळेल शे. मांगून कोन देखस?" असं म्हणत पोपटने त्याचा फ्यूज बसवला आणि स्वतःचा काढला.

आता खोलीत मिट्ट काळोख झाला. साडी बाजूला ठेवून चंद्रभागा टॉर्च धरून उभी राहिली. नवा डिमर लाकडी बोर्डाच्या जुन्या भोकात बसेना, म्हणून पोपटने पटाशीने भोक वाढवलं. भुसा उडाला तो थेट साड्यांवर. एका हाताने टॉर्च आणि दुसऱ्या हाताने भुसा वेचताना बाईच्या नाकी नऊ आले. भोक तर एवढं मोठं झालं की डिमर सरळ आतच गेला.

"आते तरी वायरमनले बलावा!"

"जीव गया तरी नही!"

मग लाकडी पट्टी कापणं आलं, खिळे आले, अंगठ्यावर हातोडीही आली. अडीच वाजता एकदाचा दिवा लागला. बटन फिरवताच मंद, तेज, पुन्हा मंद. पोपटला आनंदाने रडूच यायचं बाकी होतं.

"देख! व्हयनं का नही?"

पोपटने वळून पाहिलं. पहाटे चारपासून पाण्याच्या रांगेत उभी राहिलेली चंद्रभागा टॉर्च हातात धरून, भिंतीला टेकून गाढ झोपली होती. पुढ्यात दोन्ही साड्या कोऱ्या. पोपटने दिवा मोठा केला, तिच्या कपाळाला आठी पडली. त्याने लगेच मंद केला. आपल्या हट्टापायी हिचं काम बुडालं, हे त्याला फार लागलं. त्याने मुकाट्याने गोंदाची वाटी ओढली आणि डोळे ताणून टिकल्या लावायला सुरुवात केली.

पाचला राकेशभाई आला. त्याने दारातल्या उन्हात साडी उलगडली आणि बघतच राहिला.

"बेन, आ कोणे करी?"

चंद्रभागा डोळे चोळत उठली. तिने साडी पाहिली, मग नवऱ्याच्या बोटांना चिकटलेल्या टिकल्या पाहिल्या. तिचा ऊर भरून आला.

"यासनी करी."

"बहु सरस! काले बीजी वीस मोकलुं छुं. पण एमना ज हाथनी जोइए."

उद्या आणखी वीस साड्या, त्याही आपल्याच हातच्या, हे ऐकून पोपटने नाही म्हणायला तोंड उघडलं, तोच चंद्रभागा कौतुकाने म्हणाली, "धाडी द्या भाऊ. या दिवसभर घरमाच ऱ्हातस."