पेंढारकरकाकांचा ट्रक गारठतो

डिसेंबर उजाडला की कोलकात्याच्या बेहालातले आमचे शेजारी पेंढारकरकाका ट्रकला शेक द्यायचे. हो, ट्रकलाच. मी बदलीवाल्या बँक ऑफिसरची बायको, गावं पुष्कळ बघितली. पण भल्या पहाटे डिझेल इंजिनाच्या पोटाखाली निखाऱ्यांचं घमेलं सरकवणारा माणूस इथेच पाहिला.

काका कोलकात्यातच जन्मलेले, लग्नाच्या भानगडीत न पडलेले. उमेदीची वर्षं सिक्कीमच्या घाटात सरकारी ट्रक सांभाळण्यात गेली. तिथे इंजिनातलं तेल काकवीसारखं घट्ट व्हायचं, शेकल्याशिवाय ट्रक हलायचाच नाही. निवृत्तीनंतर हावड्याच्या कारखान्यांतला माल वाहायला स्वतःचा जुना ट्रक घेतला. सिक्कीम सुटलं, शेक काही सुटला नाही. रेडिएटरमध्ये कोमट पाणी, बॅटरीवर ब्लँकेट, बॉनेटवर गोधडी.

"अहो काका, इथे कसली आलीय थंडी? मी पंखा लावून झोपते."

"तू घरात झोपतेस. तो बाहेर उभा असतो."

कप्पाळ!

दुसऱ्या शहरात लोकांनी त्यांना वेड्यात काढलं असतं. पण इथे जरा वारा फिरला की घरोघरी माकडटोप्या निघतात. समोरचे घोषबाबू रोज काळजीने बॉनेटला हात लावून बघायचे, "ठांडा लेगे जाबे", म्हणजे थंडी बाधेल हो, म्हणायचे. एकदा तर त्यांनी ट्रकच्या आरशाला स्वतःचा मफलर गुंडाळला. मी हसून हसून गॅलरीत खालीच बसले.

एकदा काका गोधडी काढायला विसरले आणि तसेच भर शहरात, एस्प्लनेडपर्यंत गेले. सिग्नलला एक बाई गोधडीचा भाव विचारू लागली. काकांनी गोधडी विकली नाहीच, वर गार इंजिनाला किल्ली मारणं कसं पाप आहे यावर तिला व्याख्यान दिलं. मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ.

यंदा मात्र ट्रकचं वय भरलं. नियमच तसा, भंगारात द्यायचा. काकांनी कार्यालयांत खेटे घातले, हातापाया पडले, पण सुटका नव्हती. मग ते कोणाशी धड बोलेनासे झाले. मला फार वाईट वाटलं.

न्यायच्या दिवशी भंगारवाला क्रेन घेऊनच आला. काका घमेलं सरकवून शेजारी बसलेले.

"दादू, स्टार्ट करने की ज़रूरत नहीं. खींच के ले जाएँगे."

"थोडा रुको. अभी गरम हो रहा है."

माणूस भला होता. क्रेनच्या पायरीवर बिडी ओढत बसला. काकांनी निखारे बाजूला केले, गोधडीची घडी माझ्या हातात दिली आणि वर चढून किल्ली फिरवली. पहिल्याच झटक्यात ट्रक धडधडायला लागला. काकांनी एकदा ॲक्सिलरेटर दाबून इंजिन घुमवलं. मग त्यांनी स्वतःच तो बंद केला.

"ऐकलंस ना शुभदा?" खाली उतरत त्यांनी विचारलं.

"ऐकलं काका."

"बंद पडला म्हणून दिला नाही मी त्याला. तेवढं लक्षात ठेव. हे सांगायला तरी माझं दुसरं कोण आहे?"