निमसे हवालदारांचा मागचा दरवाजा

"हात खिशात!"

मोटारसायकलवरून उतरायच्या आधीच निमसे हवालदार ओरडतात. गुन्ह्याच्या जागी कुणाचा हात कशाला लागू नये, एवढाच हेतू. पण हुकूम सगळ्यांना सारखा. सरपंचांना, डॉक्टरांना, एकदा तर स्वतःच्या साहेबांनाही. मुरबाडकडच्या एका पाड्यावर म्हातारीनं विचारलं, "लुगड्याला खिसा कुठं रे?" तर म्हणाले, "मग हात पदराखाली घे, आये. कपाटाला लावू नको."

माझा शहापुरात फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, आणि पोलिसांनी बोलावलं तर पंचनामे. त्यामुळे निमशांचा सहवास घडला.

प्लॅस्टिकशी त्यांचं वैर. "ओली वस्तू प्लॅस्टिकात घातली का कुजली, आन् कुजली का तपासणारा काय वाचणार?" रक्ताचा कपडा आधी सावलीत सुकवायचा, मग कागदात, मग कापडात. वर लाखेचं सील आणि पंचांच्या सह्या. घरीही हेच. वहिनींनी पिशवीतून आणलेली मेथी ते पेपरवर पसरतात. लोणच्याच्या बरणीवर तारीख, वेळ आणि भरणाऱ्याची सही लागते. वहिनी म्हणतात, "मी संसार करत्ये का साक्ष देत्ये, तेच कळत नाय."

मागच्या पावसाळ्यात सापगावजवळच्या एका फार्महाउसवर वॉचमन डोकं फुटून पडलेला सापडला. जगला, पण त्याला काही आठवेना. आदल्या दिवशी त्याचं भांडण झालं होतं शेजारच्या वाडीवरच्या सोमाशी. सोमा मजुरी करणारा, तिशीतला. आम्ही त्याच्या घरी गेलो तर सदऱ्यावर रक्ताचे डाग.

"गावदेवाला कोंबडा कापला, त्याचा रगत हाय, सायेब," तो पुन्हा पुन्हा सांगत होता. ऐकतंय कोण?

निमशांनी त्याचा सदरा उतरवून घेतला, तशी त्याची आई किंचाळली, "माझ्या पोराला उघडा केलास! तुझा भला नाय व्हायचा!"

एका शिपायानं प्लॅस्टिकची पिशवी पुढे केली, तिच्याकडे निमशांनी असं पाहिलं की त्यानं ती मुकाट खिशात कोंबली.

सदरा पावसात भिजलेला. चौकीच्या मागच्या खोलीत पंख्याखाली तो टांगला आणि दोन दिवस निमसे समोर स्टूल टाकून बसले. डबाही तिथेच. सदरा सीलबंद झाल्यावर फार्महाउसवर परत गेले. शेडखालच्या हातपंपाशी गुडघ्यांवर बसून तासभर शोधलं. पंपाच्या दांड्याच्या खालच्या बाजूला सुकलेल्या रक्तात दोन पांढरे केस चिकटलेले होते.

"मोजपट्टी ठेव. जवळून फोटो घे. आन् श्वास तिकडं सोड!"

केस चिमट्यानं उचलले आणि कागदाच्या पुडीत गेले.

प्रयोगशाळेच्या अहवालाला काही महिने लागले. सोमा तुरुंगात. त्याची आई दर बाजाराच्या दिवशी चौकीच्या पायरीवर येऊन बसायची. आणि कुणाच्याही घरात बेधडक घुसणारे निमसे त्या दिवशी मागच्या दारानं आत जायचे.

अखेर अहवाल आला. सदऱ्यावरचं रक्त कोंबड्याचं. दांड्यावरचं रक्त आणि केस वॉचमनचे. शेवाळावरून पाय घसरून तो दांड्यावर आपटला असणार, असं डॉक्टरांनीही लिहून दिलं. सोमा सुटणार होता. मी हुश्श केलं.

"तू सांग तिला," निमसे म्हणाले. "माझ्याच्यानं नाय व्हायचं."

मी सांगितलं. म्हातारी पायरीवरून उठली. मग म्हणाली, "तो हवालदार कुठं हाय?"

निमसे मागच्या नळावर तोंड धूत होते. कितव्यांदा कोण जाणे. तिला पाहून उभे राहिले आणि खाली बघत म्हणाले, "आये, तू बोललेलं रोज आठवायचं मला."

"अरे, तो शब्द मी कवाच मागं घेतला," म्हातारी म्हणाली. "तू पोराचा सदरा वाळवत बसलावतास, खिडकीतून बघितला मी. ह्येच तर सांगाया येत व्हते दर बाजाराला. तू भेटायचास कुठं?"

निमशांनी पुन्हा नळ सोडला.