हातमा कितला?

आमच्या शेजारचे नाना बोरसे नव्या माणसाला नाव विचारत नाहीत, पगार विचारतात. तोही पूर्ण नाही. "हातमा कितला?" एवढंच. म्हणजे सगळं कापून-कुपून हातात किती पडतो. गेल्या वर्षी गल्लीतले सोनार आबा वारले. त्यांचा नातू हैदराबादहून धावतपळत आला आणि आजोबांच्या पायांवर डोकं ठेवून ढसाढसा रडला. नाना त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते. मला वाटलं, काय हा माणूस, किती मायेने सांत्वन करतोय. जवळ गेलो तर नाना हलक्या आवाजात विचारत होते, "हातमा कितला?" आणि पोरगा हुंदके देत सांगत होता, "बासष्ट." नाना म्हणाले, "कमी शे, बेटा. रडू नको."

नाना स्वतः इंजिनिअर नाहीत. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्यांच्याशी पाच मिनिटं बोलणारा हमखास तसा समज करून घेतो. पारोळ्याजवळच्या खेड्यातून बी.कॉम. करायला जळगावला आले आणि एमआयडीसीत डाळमिलची यंत्रं बनवणाऱ्या एका कारखान्यात पगारपत्रकं करायला बसले. मालकाने पहिल्याच दिवशी बजावलं, की एकाचा पगार दुसऱ्याला कळला तर तुमचा बंद. नानांनी तीस वर्षं तोंड शिवून ठेवलं. घरी बायकोलासुद्धा अक्षर सांगितलं नाही. निवृत्त झाले त्या संध्याकाळी गळ्यात हार घालून घरी आले, हार खुंटीला लावला, ओट्यावर खुर्ची टाकली आणि बोलायला लागले. त्याला आठ वर्षं झाली. अजून थांबलेले नाहीत.

इंजिनिअरचा पगार कशाने वाढतो, यावर नानांचा जो अभ्यास आहे तो कुठल्या विद्यापीठात असेल असं मला वाटत नाही. मार्कांना ते हिंग लावून विचारत नाहीत. "मार्क फक्त पहिल्या नोकरीला. नंतर कोणी विचारतं का? तुमच्या बायकोने विचारले का कधी तुमचे दहावीचे मार्क?" कॉलेजचं नाव दोन वर्षं पुरतं. शाखा महत्त्वाची, पण शाखेपेक्षा गाव महत्त्वाचं, आणि गावापेक्षा दुसऱ्या कंपनीचं पत्र. खिशात दुसऱ्या कंपनीचं पत्र असलं की साहेबाला आपले गुण एकदम दिसायला लागतात. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे मशीन. "ज्याच्यावाचून मशीन बंद पडतं, त्याचा पगार वाढतो. आमच्याकडे एक जण होता, हुशार. कुठलंच मशीन पूर्ण दुरुस्त करायचा नाही. दर वर्षी वाढ. दुसऱ्या बिचाऱ्याने एकदा दुरुस्त केलं की पाच वर्षं बघायला नको. त्याला काढला."

जळगावच्या मे महिन्यात शेडखाली उभं राहणाऱ्या इंजिनिअरला उन्हाचा वेगळा भत्ता मिळाला पाहिजे, असंही त्यांचं ठाम मत आहे. त्यासाठी ते कोणाला पत्र वगैरे लिहीत नाहीत. फक्त मला सांगतात.

माझ्या पगाराविषयी मात्र अवाक्षर नाही. मी शाळेत चित्रकला शिकवतो. "सर, तुमचा पगार सरकारने छापून ठेवलेला. त्यात शोधायचं काय?" असं म्हणून विषय संपवतात. वाईट वाटतं मला. इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहतोय, माणसाने एकदा तरी विचारावं!

तर गल्लीतल्या पोरांना नोकरीचा कॉल आला की आईबाप त्यांना नानांकडे पाठवतात. नाना त्यांची तालीम घेतात. स्वतः एचआर होतात. एचआर व्हायचं म्हणजे नाना पायात मोजे आणि बूट घालतात, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून बाह्या खाली सोडतात आणि चेहऱ्यावरची ओळख पुसून टाकतात. माझा पुतण्या पंकज त्यांच्या अंगाखांद्यावर खेळलेला. पण तालमीला गेला तर नाना त्याच्याकडे परक्यासारखं बघत म्हणाले, "टेल मी अबाउट युवरसेल्फ." पंकज म्हणाला, "नाना, मी पंक्या." नाना म्हणाले, "रिजेक्टेड." आणि खरंच त्याला दुसऱ्या दिवशी यायला लावलं.

दुसऱ्या दिवशी पंकज नीट बोलला. शेवटी एचआरने विचारलं, "वुई कॅन ऑफर थर्टी. ओके?" आणि पंकज मान हलवत म्हणाला, "चालेल सर, काही हरकत नाही. बस झालं एवढं." नाना ताडकन उठले. बुटातच ओट्यावर दोन फेऱ्या मारल्या.

"हेच! हेच नडतं आपल्या लोकांना!" ते माझ्याकडे वळून म्हणाले. "सर, तुम्ही भरिताच्या पंगतीला बसता. वाढपी येतो. तुम्हाला अजून भरीत पाहिजे असतं का नाही?"

"असतं."

"मग काय म्हणता?"

"बस म्हणतो. ताटावर हात आडवा धरतो."

"पण वाढपी आपल्यातला. तो हात बाजूला सारून वाढतो. म्हणून आपण जन्मभर बस म्हणत आलो आणि जन्मभर पोट भरत आलं. एचआर काय आपल्यातला शे? तुम्ही बस म्हटलं की तो पातेलं उचलून पुढे जातो. तीस वर्षं पाहिलंय मी. बठ्ठे, सगळेच्या सगळे, खानदेशी पोरं हात आडवा धरून बसलेले, आणि बाजूचा कुठूनतरी आलेला पोरगा ताट पुढे करून मोकळा."

पंकजला त्यांनी आठवडाभर "बस" हा शब्द बंद केला. घरी आमची ही पोळ्या वाढायची आणि पंकज हात गुडघ्यांवर ठेवून मुकाट बघत राहायचा. एकदा अकरा पोळ्या झाल्या. पण कंपनीने तीस म्हटल्यावर तो तसाच मुकाट बसला आणि अडतीसवर लागला, हे मान्य करायलाच हवं.

एवढं सगळं असून नाना एका इंजिनिअरच्या पगाराचा विषय कधीच काढत नसत. त्यांच्या मुलीचा.

दीपाली इलेक्ट्रिकल इंजिनिअर. पुण्यात नुकती नोकरीला लागली होती, तेव्हा तिची आई गेली. सहा वर्षं झाली त्याला. दिवसकार्य आटोपलं आणि दीपाली परत गेलीच नाही. धुळ्याला ट्रान्सफॉर्मरच्या एका कारखान्यात मिळेल त्या पगारावर लागली आणि रोजचं अप-डाऊन सुरू केलं. पहाटे उठून नानांचा दोन्ही वेळचा स्वयंपाक करायचा, सहाची एस.टी. धरायची, संध्याकाळी दोन-अडीच तास हादरे खात परत यायचं. धुळ्यात खोली घेतली असती तर निम्मा जीव वाचला असता. मी एकदा नानांना गमतीने म्हटलं, "नाना, दीपालीला हातमा कितला?" नानांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. "घरचं विचारू नये," म्हणाले आणि आत गेले. जगाला ओट्यावर बसवून विचारणारा माणूस!

या उन्हाळ्यात एका रविवारी दीपाली आमच्याकडे आली. हिच्याजवळ बसून म्हणाली, "काकू, कोणाला सांगू नका. बेंगळुरूच्या कंपनीत माझी निवड झालीय. उद्या पगाराचं बोलायला त्यांचा फोन येणार. मी नाही म्हणून सांगणार आहे."

"का गं?"

"नाना एकटे कसे राहतील? त्यांना गॅस पेटवता येत नाही, काकू. चहासुद्धा येत नाही."

आमच्या हिच्या पोटात गोष्ट राहत नाही. ही गोष्ट दुपारचं जेवण होईपर्यंत कशीबशी राहिली. तीन वाजता कुंपणाशी जाऊन हिने ती नानांना दिली. नाना आत गेले. दुसऱ्यांदा अंघोळ केल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि बूट घालून ओट्यावर आले, खुर्चीत बसले आणि घराच्या दाराकडे बघून मोठ्याने म्हणाले, "नेक्स्ट कँडिडेट!"

दीपाली कणकेचे हात घेऊन बाहेर आली. "नाना, काय हे? या उन्हात बूट?"

"एचआरला नाना म्हणत नाहीत. प्लीज सिट."

तिने कुंपणापलीकडे, आमच्या ओट्याकडे पाहिलं. आमची ही लगेच तुळशीला पाणी घालायला लागली. तीन वाजून गेलेले, तुळस सकाळीच न्हालेली. दीपालीला कळायचं ते कळलं. ती समोरच्या स्टुलावर बसली.

"करंट सॅलरी? इन हँड."

"चोवीस."

पंकजला पहिल्याच दिवशी अडतीस लागले होते, आणि ही सहा वर्षं काम करत होती.

"वाढ का मागितली नाही?"

"मागितली असती तर साइटवर पाठवलं असतं. नाशिक, नागपूर, कुठेही. मला संध्याकाळी घरी यावं लागतं."

"रीझन?"

"घरी वडील एकटे आहेत, सर."

ती "सर" म्हणाली तेव्हा मला कसंतरीच झालं. मी तिथून उठायला हवं होतं. उठलो नाही.

"कंपनीने वडिलांची चौकशी केलीय," नाना म्हणाले. "प्रकृती उत्तम. शेजार चांगला. स्वयंपाक येतो."

"येत नाही."

"वरण-भात येतो."

"सर, कुकरचं झाकण कुठल्या बाजूने लागतं, हे त्यांना माहीत नाही."

"कंपनीची माहिती वेगळी आहे."

"कंपनीला कोणीतरी खोटं सांगितलंय."

नानांनी शर्टाची बाही उगाच खाली ओढली. इंग्रजी कधीच संपली होती, आता शुद्ध मराठीही संपली. एचआर अहिराणीत बोलायला लागला.

"मनाकरता, बापाकरता थांबू नको, बेटा. तीस वरीस मी लोकेसना पगार मांडात. कोन कसामुळे मांगे ऱ्हायना ते बठ्ठं माले मालूम शे. कोनी इंग्रजीमुळे, कोनी लाजामुळे. तू मनामुळे मांगे ऱ्हायनी. म्हनीसन मी तुले कधी इचारं नही. माले आकडा आयकानी हिंमत नव्हती."

दीपालीने कणकेच्याच हातांनी डोळे पुसले. कपाळभर पीठ झालं. तशीच म्हणाली, "मग माझी एक अट आहे."

"बोला." एचआर घाईघाईने परत आला.

"वडिलांनी रोज दुपारी स्वतः काहीतरी रांधायचं. आणि जेवायच्या आधी मला ताटाचा फोटो पाठवायचा. ज्या दिवशी फोटो नाही, त्या रात्रीच्या गाडीने मी परत."

"सुट्टीच्या दिवशीसुद्धा?"

"रोज."

नाना म्हणाले, "कंपनीला मंजूर आहे," आणि बूट न काढता घरात निघून गेले.

सोमवारी फोन आला. दीपालीने पगार किती ठरवला, ते नानांनी गल्लीत कोणाला सांगितलं नाही. पण त्या दिवशी त्यांनी सगळ्या गल्लीला जिलेबी वाटली, आणि जिलेबीच्या वजनावरून मी साधारण अंदाज बांधला.

पंधरा दिवसांनी ती गेली. स्टेशनवर नाना अगदी व्यवस्थित होते. डब्यात चढून तिची बॅग सीटखाली सारली, बाजूच्या तरुणाला "हातमा कितला?" विचारलं, त्याचं उत्तर ऐकून मान हलवली आणि गाडी हलायच्या आत खाली उतरले. घरी येताना मात्र रिक्षावाल्याला "हातमा कितला?" विचारायचं विसरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला दोन्ही हातांत कुकर धरून आमच्या स्वयंपाकघराच्या दारात उभे. "वहिनी, पोरीला खोटं सांगून बसलो. आता खरं करावं लागेल. हे झाकण कुठून लागतं?"

पहिले चार दिवस भात लागला. पाचव्या दिवशी वरणात मीठच नव्हतं. फोटोत मीठ दिसत नाही, त्यामुळे तो दिवस निभावला. आता महिना झालाय. वरण-भात बरा जमतो, वांग्याचं भरीतही एकदा केलं. साडेअकरालाच सगळं तयार होतं. मग नाना ताट वाढतात, फोटो काढून पाठवतात, ताटावर दुसरं ताट झाकतात आणि समोर बसून राहतात. भूक लागलेली असते, भात गार होत असतो, पण एक वाजेपर्यंत घासाला हात लावत नाहीत.

परवा आमच्या हिला राहवलं नाही. कुंपणावरून म्हणाली, "नाना, एकटे कशाला जेवता तिथे बसून? इकडे येत जा की ताट घेऊन."

"एकटा कुठे, वहिनी?" नाना घड्याळाकडे बघत म्हणाले. "तिला एक वाजता जेवायची सुट्टी होते. एकला ती तिथे बसते, एकला मी इथे बसतो."