ट्रॅक्टरवर चढायची योग्य पद्धत

ट्रॅक्टर चालवायला कुणीही शिकवेल. चढायचं कसं, ते मला विचारा.

आमचा मेहुणा उडी मारून चढतो, उतरतोही तसाच. मी विमा कंपनीत कारकून, असल्या उड्यांचं पुढे काय होतं ते रोज वाचतो. माझी पद्धत ठरलेली. तोंड ट्रॅक्टरकडे, दोन्ही हात दांड्याला, मग एक पाय.

सासऱ्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन उद्यावर आलं होतं आणि नांगरणी अर्धीच झाली होती. मेहुणा परगावी गेलेला, त्यामुळे किल्ली शेजाऱ्याला द्यायची की जावयाला, एवढाच प्रश्न होता. मला ती मनापासून हवी होती. लग्नाला सहा वर्षं झाली, पण त्या घरात मला पाहुणचाराखेरीज काही मिळालं नव्हतं.

"फाटकापर्यंत नेऊन दाखवा, जावईबापू," सासरे खाटेवरून म्हणाले. ही चाकांची खाट त्यांनी एका दवाखान्याच्या लिलावातून आणलेली. ऊन सरकलं की तेही खाटेसकट सरकायचे.

फाटकाकडे चढ होता, म्हणून मी मागच्या चाकांना विटा लावल्या. इथेच घोटाळा झाला. सासूबाईंनी विटा पाहिल्या आणि बायकोला म्हणाल्या, "अगं, हे स्वतःच घाबरलेत. ट्रॅक्टर मागे आला तर?"

मी पद्धतशीर चढेपर्यंत बराच वेळ गेला. तेवढ्यात सासूबाईंनी ट्रॅक्टरला मागून दोर बांधला आणि दुसरं टोक खाटेला. त्यांचंही बरोबर होतं. सासरे एकदा बसले की घरातलं कुणी त्यांना हलवू शकलेलं नाही.

मी पट्टा लावला, गियर टाकला, ब्रेक काढला, क्लच अलगद सोडला. ट्रॅक्टर लोण्यासारखा निघाला. कडेने सासूबाई हातवारे करत धावत होत्या. बायकोही काहीतरी ओरडत होती. इंजिनापुढे ऐकू काही येईना, पण कौतुक मला कळलं. मी मान डोलावली. हात सोडायचा नसतो.

फाटकाशी थांबलो. ब्रेक ओढला, इंजिन बंद केलं, तोंड ट्रॅक्टरकडे ठेवून उतरलो आणि वळलो.

ताणलेल्या दोराच्या टोकाला, चढावर, खाटेवर सासरे बसले होते. हातात चहाचा कप.

"जावईबापू," ते शांतपणे म्हणाले, "दोन विटा इकडेही लावा."

विटा घेऊन बायको मागोमाग आलीच होती. मी त्या खाटेच्या चाकांना लावल्या आणि किल्ली परत द्यायला पुढे केली. त्यांनी कपात पाहिलं. थेंबभरही सांडला नव्हता.

"राहू द्या तुमच्याकडेच."

मला भरून आलं. "मामा, उद्या सकाळीच नांगरायला घेतो."

"नांगरायला शेजाऱ्याला सांगितलंय, तो त्याचा ट्रॅक्टर आणेल. तुम्ही मला असंच दवाखान्यात सोडा. बसमध्ये फार गचके बसतात हो."