मेलेल्या माणसानं वाद घालू नये

"तू गेलास! कितीदा सांगू? उगाच वाद घालू नकोस!" काका फोनवर खेकसले.

"अहो काका, मीच बोलतोय ना तुमच्याशी!"

परमुलखातल्या एका लॉजमध्ये तो वायरमन होता. युद्ध तिथून बरंच लांब चाललं होतं. आत्ता तो जिन्यात पंखा उघडून बसला होता. पण बातम्यांत लॉजचं ते शहर कालच बेचिराख झालं होतं.

"स्टुडिओत बसून हेल्मेट घातलंय त्या बातम्यांच्या बाईनं! ती काय येडी आहे? नकाशात तुझ्या लॉजवर लाल बाण होता, बाण!"

उद्या सकाळी अडकलेल्यांना घरी न्यायला बस येणार होती. नियम साधा होता: घरच्या वडीलधाऱ्यानं फोनवर 'आमचा माणूस जिवंत आहे' असं सांगायचं, मग जागा. पण काकांनी त्याला श्रद्धांजली वाहूनसुद्धा टाकली होती. घरच्या ग्रुपवर जोडलेल्या हातांची रांग लागली होती. संध्याकाळी चॅनलवाले मुलाखतीला येणार म्हणून काकांनी शर्टाला इस्त्री केली होती.

"आता जिवंत म्हटलं तर मी तोंडघशी पडेन रे," काका कळवळले. "तुझं काय, तू एकटा जीव."

वायरमनचं डोकं सटकलं. त्यानं स्वतःचा व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला. रीतसर शहानिशा झाली. आत्या म्हणाली, मागे धूर नाही, म्हणजे बनावट. तिचा पोरगा म्हणाला, युद्धात एवढा स्वच्छ शर्ट कोण घालतं? शेवटी एकमतानं ठरलं, की धूर दाखवल्यास जिवंतपणाचा सहानुभूतीनं विचार करण्यात येईल.

धूर पाहिजे काय? घ्या! त्यानं गच्चीवर जुनी गादी पेटवली आणि तिच्यापुढे उभा राहून बोंबलला, "मी जिवंत आहे!"

व्हिडिओ वणव्यासारखा पसरला. चॅनलनं त्याचा आवाज काढून टाकला, रडकं संगीत घातलं आणि खाली लिहिलं, 'अखेरचे क्षण'. काकांची मुलाखत त्यालाच जोडून दाखवली. त्या मुलखाच्या शत्रूच्या चॅनलनं तोच धूर दाखवून सांगितलं, लॉजवर दारूगोळा लपवलाय. इकडची जनता म्हणाली, बदला घ्या. तिकडची म्हणाली, लॉज उडवा. लोकमताचा मान राखणं सरकारचं कामच असतं. सकाळी तिकडचा पहिला गोळा लॉजच्या मागच्या गल्लीत पडला.

केसांत चुना, एका पायात चप्पल, असा वायरमन बसच्या दाराशी पोचला.

"काका, आता खरंच गोळे पडतायत! बस सुटतेय. ह्या साहेबांशी दोन शब्द बोला फक्त!"

"कुठलं युद्ध घेऊन बसलास?" काका म्हणाले. "सगळीकडे त्या नटीचं लग्न चाललंय. युद्ध असतं तर दाखवलं नसतं का? अफवा पसरवू नकोस. ग्रुपमधून काढतील."

"काका, पाया पडतो..."

"आणि लोकांचा तरी विचार कर. अजून रडतायत बिचारे तुझ्यासाठी."

ते मात्र खरं होतं. तो व्हिडिओ तुमच्याकडेही आलाच असेल. ओठ हलताना दिसत होते त्याचे. तुम्ही रडका चेहरा दाबलात, दहा जणांना पाठवलात आणि जेवायला बसलात.

बसचं दार बंद झालं. दुसरा गोळा पुढच्याच चौकात फुटला.

"ठेवतो काका," वायरमन म्हणाला. "मला आता निघायला ह—"

फोन तिथेच कट झाला.